लसीच्या बाटलीवरचा तो छोटा चौकोन नेमका काय सांगतो?

खराब झालेलं दूध फाटतं. शिळ्या भाजीला वास येतो. पण खराब झालेली लस? ती दिसायला अगदी ताज्या लसीसारखीच असते. तोच रंग, तीच बाटली, तेच लेबल. सुई टोचली तर तेवढंच दुखतं. बाळ तेवढंच रडतं. कार्डावर तारीख पडते, यू-विन पोर्टलवर नोंद होते, घरचे निर्धास्त होतात. फरक फक्त एकच: बाळाच्या शरीराला संरक्षण मिळालेलं नसतं. आणि हे कळतं कधी? गोवरची साथ आली की. म्हणजे फार उशिरा.

लस कशी शोधली, तिच्या चाचण्या कशा झाल्या, यावर कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच भरपूर वाचलं. पण कारखान्यातून निघालेली बाटली गावातल्या अंगणवाडीपर्यंत 'जिवंत' पोचते की नाही, हे कसं कळतं, यावर कमी बोललं जातं. त्याचं उत्तर एका स्टिकरमध्ये आहे. त्यात चिप नाही, बॅटरी नाही, नेटवर्क लागत नाही. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतल्या सर्वांत हुशार गॅजेट्सपैकी ते एक आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते हातातून जाताना पाहिलंही नसेल.

गोल आणि चौकोन

सरकारी लसीकरणातली बाटली जवळून बघा. पोलिओच्या थेंबांची असेल तर उत्तम. लेबलवर एक गडद जांभळट गोल दिसेल, आणि त्या गोलाच्या मधोमध एक फिका चौकोन. याला म्हणतात व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर, सगळे जण म्हणतात व्हीव्हीएम.

वाचायचा नियम सोपा. चौकोन गोलापेक्षा फिका असेल, तर लस वापरता येते, अर्थात एक्स्पायरी डेट उलटलेली नसेल तर. चौकोन गोलाइतकाच गडद झाला, तर बाटली बाद. गोलापेक्षाही गडद झाला, तरी बाद. बस. मधला 'चालून जाईल' असा प्रकार नाही.

चौकोन गडद होतो उष्णतेमुळे. त्यात एक रसायन असतं, ज्याचे सुटे रेणू उष्णता मिळाली की एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनवतात. साखळ्या वाढल्या की रंग गडद होत जातो. ही प्रक्रिया थंडीत कूर्मगतीने चालते आणि उन्हात धावत सुटते. घरी दही लावताना हेच बघतो ना आपण? डिसेंबरात रात्रभर ठेवलं तरी दही धड लागत नाही, आणि मे महिन्यात चार-पाच तासांत लागून आंबटही व्हायला लागतं. आणि एकदा लागलेलं दही फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून त्याचं परत दूध होत नाही. चौकोनाचंही तसंच. बाटली पुन्हा बर्फात ठेवली तर रंग पुढे जायचा जवळपास थांबतो, पण मागे कधीच येत नाही.

म्हणजे हा थर्मामीटर नाही. थर्मामीटर आत्ताचं तापमान सांगतो. हा बाटलीने आजवर सोसलेल्या उष्णतेची बेरीज सांगतो. फोनच्या भाषेत बोलायचं तर बॅटरीची टक्केवारी वेगळी आणि 'बॅटरी हेल्थ' वेगळी. टक्केवारी चार्जिंगला लावली की शंभर होते. बॅटरी हेल्थ मात्र तुम्ही दोन वर्षं फोन कसा वापरलात, याचा हिशोब असतो. व्हीव्हीएम म्हणजे लसीची बॅटरी हेल्थ.

गोल का छापलाय, हेही समजून घेण्यासारखं आहे. 'चौकोन जांभळा झाला की फेका' असं सांगितलं असतं, तर प्रत्येकाचा जांभळा वेगळा निघाला असता. ट्यूबलाइटखाली एक, कंदिलाच्या पिवळ्या उजेडात दुसरा. म्हणून तुलनेचा रंग चौकोनाला चिकटूनच दिलाय. उजेड बदलला तर दोघांवर सारखाच बदलतो. ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, त्यालाही फिकं-गडद कळतं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. इतका साधा यूजर इंटरफेस आपल्या फोनमधल्या किती ॲप्सना जमलाय?

पोलिओपासून सुरुवात

हे तंत्र मुळात वापरलं जायचं अन्नपदार्थांच्या पाकिटांवर, माल ताजा आहे का हे दाखवायला. लसींवर ते पहिल्यांदा आलं १९९६ मध्ये, तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर. पोलिओच का? कारण नेहमीच्या लसींमध्ये उष्णतेला सर्वांत नाजूक तीच. तिच्या थेंबांत कमजोर केलेले पण जिवंत विषाणू असतात. ते बाळाच्या आतड्यात वाढले पाहिजेत, तरच शरीर लढायला शिकतं. उष्णतेने ते मेले, की थेंब म्हणजे नुसतं गुलाबीसर पाणी.

स्टिकर लागण्याआधी काय व्हायचं ते बघा. वाटेत गाडी बंद पडली, बर्फ वितळला, की नर्सपुढे दोनच पर्याय. अख्खा साठा फेकून द्यायचा, म्हणजे चांगल्या लसीही कचऱ्यात. किंवा 'ठीक असेल' म्हणून देऊन टाकायचा. दोन्ही अंदाजपंचे. स्टिकरने हा निर्णय प्रत्येक बाटलीपुरता वेगळा आणि स्पष्ट केला. उन्हातान्हात घरोघरी फिरणाऱ्या पल्स पोलिओच्या मोहिमेत याचा किती आधार झाला असेल, विचार करा. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. हे श्रेय एकट्या स्टिकरचं नाही, लाखो कार्यकर्त्यांचं आहे. पण त्यांच्या पेटीतली प्रत्येक बाटली हा स्टिकर घेऊन फिरत होती.

प्रत्येक लस सारखी नाजूक नसते, त्यामुळे स्टिकरही एकच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे मुख्य प्रकार ठरवले ते २, ७, १४ आणि ३० असे. आकडा म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला किती दिवसांत चौकोन गोलाइतका गडद होईल. पोलिओच्या थेंबांवर २ नंबरचा असतो: ३७ अंशांना दोन दिवसांत खेळ खलास, पण ५ अंशांना ठेवली तर २२५ दिवस. १४ नंबरचा स्टिकर २५ अंशांना ९० दिवस टिकतो, ३० नंबरचा त्याच तापमानाला १९३ दिवस. स्टिकर निवडताना काळजी एवढीच घेतात, की लस खराब व्हायच्या आधी चौकोन गडद झाला पाहिजे. उलटं झालं तर सगळंच मुसळ केरात.

लक्षात घ्या, स्टिकर लसीला आतून तपासत नाही. तो बाटलीबाहेर बसून लसीची नक्कल करतो. लस जेवढं ऊन सोसते तेवढंच तोही सोसतो, आणि तिच्यापेक्षा थोडा आधी हार मानतो.

स्टिकर कुठे लावलाय, हाही एक निरोप

हे फार कमी लोकांना माहीत आहे. काही बाटल्यांवर व्हीव्हीएम लेबलवर असतो, तर काहींवर झाकणावर किंवा काचेच्या कुपीच्या मानेवर. ही डिझायनरची लहर नाही.

लेबलवर स्टिकर असेल तर बाटली उघडल्यावरही तो जागेवर राहतो. अशा लसी, म्हणजे पोलिओचे थेंब किंवा पेंटाव्हॅलेंटसारख्या द्रवरूप लसी, नियम पाळून ठेवल्या तर उघडल्यानंतर २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रात वापरता येतात. त्या दिवसांतही चौकोन बघत राहावं लागतं, म्हणून तो तिथेच.

गोवर-रुबेलाची लस मात्र पावडर असते. वेगळ्या बाटलीतलं द्रावण त्यात मिसळून ती तयार करतात. एकदा मिसळली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. कारण आता ती उष्णतेला जास्त नाजूक असते, आणि तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्हही नसतं. दुपारी उरलेल्या बाटलीत संध्याकाळपर्यंत जंतू वाढले आणि तीच टोचली, तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून स्टिकर झाकणावर. झाकण काढलं की स्टिकर गेला. आता 'चौकोन तर फिकाच आहे की' असं म्हणायची सोयच नाही. आता भरवसा फक्त घड्याळाचा.

थंडीपुढे स्टिकर आंधळा

इथपर्यंत वाचून वाटेल, जितकं थंड तितकं चांगलं. इथेच गडबड होते.

हिपॅटायटिस-बीची लस घ्या. उष्णता सोसण्यात ती सर्वांत दणकट लसींपैकी एक. पण गोठली की संपली. आणि ती शून्याखाली अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठते. पेंटाव्हॅलेंट, धनुर्वात-घटसर्पाची टीडी, न्यूमोकोकल, याही गोठून चालत नाहीत. यातल्या बहुतेक लसींमध्ये ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात. लसीचा खरा घटक या कणांना चिकटलेला असतो, त्यामुळे शरीराचं लक्ष वेधलं जातं. बर्फ तयार होताना हे कण एकमेकांवर रेटले जातात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळला तरी गुठळ्या सुटत नाहीत. फ्रीजरमध्ये चुकून गेलेलं दही बाहेर काढल्यावर कसं चोथापाणी होतं, तसंच काहीसं.

आणि व्हीव्हीएमला हे दिसतच नाही! गोठून वाया गेलेल्या बाटलीवरचा चौकोन छान फिका असतो. उलट जास्त थंडीत राहिल्यामुळे अधिकच फिका.

मग ओळखायचं कसं? यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना 'शेक टेस्ट' शिकवतात. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवायची. मग ती वितळू द्यायची. ती आणि संशयित बाटली एका हातात धरून जोरात हलवायच्या आणि टेबलावर शेजारी ठेवायच्या. गोठवलेल्या बाटलीत गाळ पटकन तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. संशयित बाटलीतही गाळ तेवढ्याच वेगाने बसला, तर ती गोठून गेलीय हे पक्कं.

म्हणूनच निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये बर्फाच्या डब्या फ्रीजरमधून काढल्या काढल्या भरत नाहीत. आधी टेबलावर मांडून ठेवतात. डबीला घाम फुटला, कानाजवळ हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला, की मग पेटीत. घाईच्या सकाळी ही दहा-वीस मिनिटं वाचवाविशी वाटतात, आणि नेमक्या त्या मिनिटांत लस मरते. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणारे या खळखळ आवाजाबद्दल लिहीत नाहीत. लिहायला हवं.

आता फोन आला, मग स्टिकर कशाला?

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ज्या पेटीवजा फ्रिजमध्ये ठेवतात, त्याला आयएलआर म्हणतात. त्याचं दार वरून उघडतं. घरच्या फ्रिजचं दार उघडलं की थंड हवा पायावर सांडते, कारण ती जड असते. वरून उघडणाऱ्या पेटीत ती तळाशी बसून राहते. शिवाय भिंतींमध्ये बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे वीज गेली तरी आतलं तापमान बरेच तास २ ते ८ अंशांत राहतं. लोडशेडिंग माहीत असलेल्यांना याची किंमत सांगायला नको.

या फ्रिजमध्ये आता सिमकार्डवाला तापमान नोंदवणारा सेन्सर असतो. २०१५ पासून देशात 'ई-विन' नावाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी राहिली. सेन्सर दर काही मिनिटांनी तापमान टिपतो आणि सर्व्हरला पाठवतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की संबंधितांच्या फोनवर एसएमएस. लसीचा साठा किती आला, किती गेला, हेही कर्मचारी फोनवरच्या ॲपमधून भरतात. देशभरातले सुमारे २९ हजार शीतसाखळी केंद्रांचे फ्रिज असे जाळ्यात बांधलेत. रात्री दोन वाजता फ्रिज बंद पडला तर सकाळपर्यंत वाट बघावी लागत नाही, ही मोठीच गोष्ट आहे.

पण सेन्सर फ्रिजचं तापमान सांगतो, बाटलीचं नाही. बाटली फ्रिजमधून निघून मोटारसायकलच्या मागे बांधलेल्या पेटीत बसली, की तिची खबर कोणाच्याच डॅशबोर्डवर नसते. शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरचा तो प्रवास, वाडीवरचं उन्हातलं सत्र, उघड-बंद होणारं झाकण, हे सगळं फक्त स्टिकर सोसतो आणि नोंदवतो. शिवाय ई-विनची माहिती अधिकाऱ्याला दिसते. स्टिकर दिसतो तो सुई हातात घेतलेल्या सिस्टरला आणि मांडीवर बाळ घेतलेल्या आईला. मला हा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

कोविडमध्ये मात्र हा मित्र सोबत नव्हता. सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं, की कोविड लसीच्या बाटलीवर व्हीव्हीएम नसेलही, म्हणून थांबू नका. आश्चर्य नाही. कोणता स्टिकर लावायचा हे ठरवायला ती लस कोणत्या तापमानाला किती दिवस टिकते याचा अभ्यास हाताशी लागतो, आणि लस तर वर्षभरात तयार झालेली. एमआरएनए लसींचं तर वेगळंच दुखणं. सुरुवातीला फायझरची लस उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने पुढे एमआरएनए लस पावडरच्या रूपात तयार केली, जी साध्या २ ते ८ अंशांत राहते. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, पण तोवर आपल्याकडचं बहुतेक लसीकरण उरकलं होतं.

पुण्याची लस, बेनिनचं ऊन

शीतसाखळीचं ओझं किती हलकं करता येतं, याचं माझं आवडतं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, जिथे कोरड्या हंगामात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या साथी यायच्या. १९९६-९७ च्या साथीत तिथे अडीच लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. श्रीमंत देशांत हा प्रकार फारसा नव्हता, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना या लसीत रस नव्हता. शेवटी ती बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' यांच्या प्रकल्पात, एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी ठेवून. नाव मेनआफ्रीव्हॅक. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोठ्या प्रमाणावर ती द्यायला सुरुवात झाली.

दोन वर्षांनी आणखी एक पाऊल पडलं. चाचण्यांवरून दिसलं, की ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाशिवाय राहू शकते. २०१२ मध्ये तशी अधिकृत परवानगी मिळाली, आणि नोव्हेंबरमध्ये बेनिन देशात दीड लाखांहून जास्त लोकांना ती या पद्धतीने दिली गेली. रोज संध्याकाळी बर्फासाठी केंद्रावर परतायचं नाही. जड पेट्या नाहीत. चारच दिवस, पण दूरच्या वाड्यांसाठी चार दिवस म्हणजे खूप. आणि ही मोकळीक द्यायची हिंमत का झाली? कारण प्रत्येक बाटलीवर व्हीव्हीएम होता. सोबत ४० अंश ओलांडले की लगेच रंग बदलणारा आणखी एक इंडिकेटर.

बाटली बघायची सवय

आता एक कडू गोष्ट. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजला गेला. मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं, नंतर ती सावरली. सॅनिटायझरच्या बाटलीवर गोल आणि चौकोन नसतो. थेंब पाजण्याआधी व्हीव्हीएम बघायचाच, ही सवय हाताला असती तर बाटली तिथेच थांबली असती. स्टिकर तापमानासाठी बनवलाय, पण तो शोधायला म्हणून बाटलीकडे नजर जाते, हा त्याचा न मोजला जाणारा फायदा.

तुम्ही भाच्याला किंवा पुतणीला लसीकरणाला नेणार असाल, तर सिस्टरना सरळ विचारा, "सिस्टर, बाटलीवरचा चौकोन दाखवता का?" सुरात संशय नको, कुतूहल असू द्या. बहुतेक जणी आनंदाने दाखवतात. फोनचा कॅमेरा झूम करून बघायला हरकत नाही, गोल आणि चौकोन एकाच फोटोत आले पाहिजेत आणि फिल्टर बंद पाहिजे. सकाळची गर्दी असेल तर त्यांचा वेळ मात्र खाऊ नका. आणि चौकोन किंचित गडद दिसला म्हणून घाबरून परत येऊ नका. तो सुरुवातीपासून पांढराशुभ्र नसतोच. गोलापेक्षा फिका आहे ना, एवढंच बघायचं.

खासगी दवाखान्यातल्या लसींवर, विशेषतः आधीच भरलेल्या सिरिंजवर, हा स्टिकर नसू शकतो. तिथे तुमचा भाग वेगळा आहे. कित्येकदा डॉक्टर चिठ्ठी देतात आणि रेबीजची किंवा टायफॉइडची लस आपणच मेडिकलमधून आणतो. अशा वेळी ती खिशात टाकून दोन कामं उरकत जाऊ नका. दुकानदाराकडून बर्फाची पिशवी मागून घ्या, पण लसीचा खोका कागदात किंवा फडक्यात गुंडाळा, बर्फ थेट टेकू देऊ नका. आणि डॉक्टर नसतील म्हणून रात्रभर घरी ठेवायची वेळ आली, तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, आणि फ्रीजरमध्ये तर अजिबात नको. त्यापेक्षा डॉक्टर आल्यावरच विकत घेतलेली बरी.